हवेची तहान



वैशाखातल्या संध्याकाळी, दिवसभर तापलेल्या जमिनीची धग अजून पायांना लागत असताना, आपण एवढ्या संख्येने येथे जमला आहात. आणि मी बोलणार आहे हवेतल्या पाण्याविषयी. ज्या दिवसांत ओठ फुटतात, पाटीवर घातलेले धुणे अर्ध्या तासात खडखडीत वाळते आणि विहिरी तळ दाखवू लागतात, त्या दिवसांत हवेत पाणी आहे असे म्हणणे कोणाला थट्टेचे वाटेल. शिवाय निसर्गाची वर्णने ऐकायची असतील तर धरणगावकरांना माझी गरज नाही. १८९० साली याच गावी बालकवींचा जन्म झाला, आणि ते काम त्यांनी अशा रीतीने केले की दुसऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. माझे काम रोकडे आहे. आपल्या घरात खिडकीला लावलेला जो कूलर आहे, त्याचे एक कोडे मला आपल्यासमोर सोडवायचे आहे. ते सोडवता सोडवता आपण माणसाच्या जिवाशी निगडित अशा एका गोष्टीपाशी येऊन पोहोचू.

कोडे असे. मे महिन्यात बाहेर पारा ४४ अंशांवर असतो. आपण कूलर लावतो आणि खोली इतकी गार होते की पहाटे पांघरूण शोधावे लागते. मग मृग लागते, आभाळ भरून येते, पारा ३६ वर उतरतो. आता तर कूलरने अधिकच गार करावे! पण घडते उलटे. पाणी तेच, मोटर तीच, जाळीतले गवत नवे. तरी अंथरूण चिकट होते, अंगाचा घाम वाळत नाही आणि तलखी काही कमी होत नाही. आपण मिस्तरीला बोलावतो. तो मोटर तपासतो आणि कूलर ठीक आहे म्हणून सांगतो. तो खरेच सांगत असतो. बिघडलेली असते ती हवा.

न दिसणारे पाणी

प्रथम एक गैरसमज दूर करू. चहाच्या आधणावर जो पांढरा धूर दिसतो त्याला आपण वाफ म्हणतो. खरे पाहता ते वाफ थंड होऊन झालेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात. खरी वाफ, म्हणजे पाण्याचे बाष्प, हा हवेसारखाच न दिसणारा वायू आहे. किटलीच्या तोंडाशी अगदी लगत पाहा. तेथे बोटभर जागा मोकळी दिसते आणि पांढरेपणा त्यापुढे सुरू होतो. त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत बाष्प आहे. ढग आणि धुके हीदेखील थेंबांचीच रूपे होत. आज आपण बोलणार आहोत ते न दिसणाऱ्या बाष्पाविषयी, आणि त्यालाच हवेची आर्द्रता असे नाव आहे.

हे बाष्प येते समुद्रातून, नद्या-तलावांतून, ओल्या जमिनीतून, झाडांच्या पानांतून आणि आपल्या श्वासातूनही. ते किती असते याचा अदमास घेण्यासाठी दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी एक खोली घ्या. आत ४० अंश सेल्सिअस तापमान असेल, तर त्या खोलीत जास्तीत जास्त सुमारे १,४०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड लिटर पाणी बाष्परूपाने राहू शकते. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी प्रत्यक्षात त्यातले पाव लिटरच्या आसपास असते. म्हणजे ज्या हवेला आपण ठणठणीत कोरडी म्हणतो, तिच्यातसुद्धा खोलीमागे पेलाभर पाणी तरंगत असते. उरलेली एक लिटरहून अधिक जागा रिकामी असते. या रिकाम्या जागेलाच मी हवेची तहान म्हणतो, आणि आजच्या व्याख्यानात एवढा एक शब्द आपण ध्यानात ठेवला तरी माझे काम झाले.

किती आहे आणि किती मावते

हवा जितकी उष्ण, तितके तिच्यात बाष्प अधिक मावते. आणि ही वाढ मोठी झपाट्याची असते. एक घनमीटर जागेत १० अंशांवर सुमारे ९ ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांवर १७, ३० अंशांवर ३० आणि ४० अंशांवर ५१ ग्रॅम. दर दहा अंशांमागे मावण्याचे माप दुपटीच्या जवळपास जाते. बाष्प मावण्याची ही मर्यादा गाठली की हवा संपृक्त झाली असे म्हणतात. ‘मावते’ हा शब्द सोयीचा म्हणून वापरतो आहे. हवा स्पंजासारखे पाणी शोषून धरत नाही. पाण्यातून कण उडत असतात आणि हवेतले कण पाण्यात परतत असतात. दोहोंची संख्या सारखी झाली की पाणी आटणे थांबते. ऊन वाढले की उडणाऱ्यांची संख्या वाढते, म्हणून बरोबरी व्हायला हवेत अधिक बाष्प लागते. एवढा खुलासा करून आपण आपला नेहमीचा शब्दच वापरू.

आता वर्तमानपत्रात ‘आर्द्रता २० टक्के’ असे छापून येते त्याचा अर्थ काय? हवेत जेवढे बाष्प मावले असते त्याच्या शेकडा किती प्रत्यक्ष आहे, एवढाच. हिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. या सापेक्ष शब्दातच सगळी गोम आहे. समजा, एका घनमीटर हवेत १० ग्रॅम बाष्प आहे. ४० अंशांच्या दुपारी ते मावण्याच्या मानाने शेकडा २० भरेल. रात्री हवा ३० अंशांवर आली की तेच १० ग्रॅम शेकडा ३३ होतील. २० अंशांवर तेच शेकडा ५८ होतील, आणि हवा ११ अंशांपर्यंत निवली तर पुरे शंभर. हवेत एक थेंबही वाढला नाही. तरी आकडा वीसावरून शंभरावर गेला. म्हणून सकाळची आर्द्रता अधिक आणि दुपारची कमी असे वाचून, मधल्या काळात हवेतले पाणी नाहीसे झाले असे समजू नये. पाणी बहुधा तेच असते; हवेची तहान वाढलेली असते.

हवा शंभरावर येते त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. त्याखाली हवा निवली की जादा बाष्पाला थेंब होण्यावाचून गती नसते. हिवाळ्यात स्वच्छ आकाशाच्या रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशात टाकून हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांवर दव पडते. ‘पडते’ हा शब्दप्रयोग मात्र चुकीचा. दव वरून पडत नाही. पानाला टेकलेल्या हवेतून ते तिथेच जमते. हरभऱ्याच्या शेतात रात्री पातळ फडके पसरून पहाटे ते पिळून आंब काढणाऱ्या म्हाताऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी पाहिल्या असतील. हरभऱ्याच्या पानांवरचे आंबट द्रव्य त्या दवात उतरते आणि फडके ते टिपून घेते. दवबिंदू हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नव्हता त्या बायकांना आभाळ स्वच्छ असले आणि वारा पडला की आंब चांगली मिळते, हे पक्के ठाऊक होते. आणि शास्त्र त्यांच्याच बाजूने आहे.

मोजण्याची रीत

न दिसणारी वस्तू मोजायची कशी? पहिली रीत लक्षणे पाहण्याची. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत लवकरच येणाऱ्या पावसाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत मिठात होणारा बदल हेही एक आहे. आपल्या घरातही मिठाला पाणी सुटले, लाकडी दारे फुगून चौकटीत घट्ट बसू लागली, तबल्याची पुडी सैल बोलू लागली, आगपेटीची काडी ओढूनही पेटेना, की आपण म्हणतो, आता पाऊस जवळ आला. हे सगळे पदार्थ हवेतले बाष्प घेतात आणि आपले रूप बदलतात. माणसाचा केसही असाच आहे. अगदी कोरड्या हवेतून संपृक्त हवेत नेला की तो शेकडा दोन-अडीच भागांनी लांबतो. या गुणाचा उपयोग करून अठराव्या शतकात जिनीव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने केसाचे आर्द्रतामापक यंत्र तयार केले आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

परंतु सर्वांत सोपी व भरवशाची रीत दोन थर्मामीटरांची. दोन सारखे थर्मामीटर शेजारी शेजारी टांगायचे. एकाचा फुगा मोकळा ठेवायचा; दुसऱ्याच्या फुग्याला स्वच्छ मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडायचे. पट्टीतले पाणी आटू लागते. आटण्यासाठी उष्णता लागते आणि ती फुग्यातून घेतली जाते, म्हणून ओला पारा खाली उतरतो. हवेला तहान जितकी अधिक, तितके पाणी भराभर आटते आणि ओला पारा तितका खोल जातो. हवा तृप्त असेल तर पाणी आटतच नाही आणि दोन्ही पारे एका रेषेवर येतात. दोन पाऱ्यांमधले अंतर म्हणजे हवेच्या तहानेचे माप.

हवामान खात्याच्या वेधशाळांत पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी खांबांवर उभी केलेली असते, तिच्यात हे जोड-थर्मामीटर ठेवण्याची प्रथा आहे. ही पेटी स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने योजिली. प्रसिद्ध कादंबरीकार स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. झडपांमुळे वारा आत खेळतो, पण ऊन शिरत नाही. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला पारे वाचले जातात. योगायोग असा, की भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही १८७५ सालीच. आकाश वाचणे आणि लोकांना चार गोष्टी समजावून सांगणे, ही दोन्ही कामे एकाच वर्षी सुरू झाली. ती एकमेकांना जोडण्याचे काम मात्र अजून पुष्कळसे बाकी आहे.

घर, शेत आणि पेठ

ही तहान आपल्या रोजच्या व्यवहारात कोठे कोठे हात घालते ते थोडक्यात पाहू. खानदेशातल्या गृहिणी पापड, कुरडया आणि ज्वारीचे बिबडे चैत्र-वैशाखात करतात, याचे कारण केवळ सवड नव्हे. या दिवसांत हवा पदार्थाच्या पोटातले पाणीदेखील ओढून घेते. पापड आषाढात घातले तर वाळण्याआधी त्यांना बुरशी धरेल. माठातले पाणी वैशाखात गार होते आणि श्रावणात होत नाही, तेही यामुळेच. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी आटते आणि आटताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठ म्हणजे आपला जुना, विजेवाचून चालणारा कूलर होय.

कापसाचे तर सगळेच गणित ओलाव्याशी बांधलेले आहे. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते तेव्हा ८ टक्के ओलावा प्रमाण धरते. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेते आणि १२ च्या वर कापूस घेतच नाही. म्हणून पहाटे दव असताना वेचलेला कापूस आणि दव सुकल्यावर वेचलेला कापूस यांच्या किमतीत फरक पडतो. जो शेतकरी मजुरांना घाईने भल्या सकाळी वावरात उतरवतो, त्याच्या गाठोड्यात कापसाबरोबर दवही येते, आणि काट्यावर त्याचे वजन भरले तरी भावात ते त्याच्याच अंगावर उलटते. जिनमध्येही ओला कापूस यंत्रात गुंतून बसतो. उलट सूत काढताना हवा फार कोरडी असून चालत नाही. धागा ठिसूळ होऊन तुटतो आणि घर्षणाच्या विजेने तंतू विस्कटतात. म्हणून कोरड्या मुलखातल्या गिरण्यांना आत पाण्याचे तुषार सोडावे लागतात. मुंबईला दमट हवा समुद्राने फुकट पुरवली. जळगाव, अमळनेर, धुळे येथील गिरण्यांना ती कृत्रिम रीतीने करावी लागे.

केळीला दोन्ही टोके घातक. रावेर, यावल, चोपडा भागात मेमधल्या तहानलेल्या झळा पानांतून मुळांच्या पुरवठ्यापेक्षा अधिक पाणी ओढतात. पाने करपतात, फाटतात. म्हणून बागेभोवती शेवरीसारख्या झाडांचा आडोसा करतात. पावसाळ्यात हवा तृप्त झाली आणि पाने तासन् तास ओली राहिली की करप्याच्या बुरशीला रान मोकळे मिळते. शेतकरी पाऊस किती झाला हे पाहतो; पान किती वेळ ओले राहिले हेही त्याने पाहावे.

मे आणि जून

आता आपल्या कूलरकडे वळू. खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापीचे खोरे. समुद्र दूर आहे. होळीनंतर जमिनीतला ओलावा संपत जातो. ओल्या जमिनीवर पडणारे ऊन पुष्कळसे पाणी आटवण्यात खर्ची पडते. कोरड्या जमिनीवर त्याला दुसरे काम नसते, म्हणून ते माती आणि हवा तापवते. यामुळेच भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर जातो. अशा दुपारी आर्द्रता शेकडा १५ धरली तर घनमीटरमागे बाष्प जेमतेम ९ ग्रॅम असते आणि ओला पारा उतरतो २३ अंशांच्या आसपास. कोरडा ४४, ओला २३. मध्ये २१ अंशांचे अंतर! कूलर हे वस्तुतः एक मोठे ओले थर्मामीटरच आहे. चांगला कूलर या अंतरातली पाऊण वाट कापतो, म्हणजे ४४ ची हवा २८ वर आणतो.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अरबी समुद्रावरून आलेले वारे येथे पोहोचतात. पारा ३६, पण आर्द्रता शेकडा ६०. मोजून पाहिले तर घनमीटरमागे २५ ग्रॅम बाष्प, मेच्या जवळजवळ पावणेतीनपट. ओला पारा आता २९ च्या वर असतो. दोहोंतले अंतर सात अंशांच्या आत. त्याची पाऊण वाट म्हणजे पाच अंश. कूलरची हवा ३१ वर येऊन थांबते आणि बाष्पाने गच्च भरलेली असते. कूलर दोन्ही वेळा सारखाच इमानदार असतो, पण जूनच्या हवेला तहानच उरलेली नसते.

यातून एक धडा फार उपयोगी आहे. कूलर लावताना पुष्कळ लोक दारे-खिडक्या घट्ट बंद करतात, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. त्यामुळे तीच ओली हवा फिरत राहते, तासाभरात तृप्त होते आणि कूलर मेमध्येही जूनसारखा वागू लागतो. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. ओली हवा बाहेर गेली पाहिजे आणि तहानलेली आत आली पाहिजे. आणि दमट दिवस लागले की पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

देहाचा माठ

आता मी प्रारंभी म्हटलेल्या जिवाच्या गोष्टीकडे येतो. आपला देह हाही एक माठच आहे. आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखले तरच तो चालतो. बाहेरची हवा देहाहून उष्ण झाली, की देहातली उष्णता बाहेर टाकण्याला घामावाचून दुसरे साधन उरत नाही. एक लिटर घाम पुरता आटला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण अट ही, की तो अंगावर आटला पाहिजे. निथळून खाली पडलेला घाम देहाला काडीचाही गारवा देत नाही. तो पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो.

मेच्या झळांत घाम येता क्षणीच वाळतो. अंग कोरडे दिसते, म्हणून घाम येतच नाही असे वाटते आणि माणूस पाणी कमी पितो. हा कोरड्या उन्हाचा दगा. ओल्या उन्हाचा दगा याहून निराळा. तिथे पारा खाली असतो, आभाळ आलेले असते, आणि माणसाला वाटते की उन्हाळा संपला. पेरणीची घाई असते. तो सबंध दिवस वावरात राबतो. घामाच्या धारा लागतात, पण वाळत नाहीत. ४४ अंशांत सावली धरून बसलेला माणूस ३६ अंशांत सावध राहात नाही, आणि तेथेच फसतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभाला लाखोंचा समुदाय उघड्या मैदानात भर दुपारपर्यंत बसला होता. त्यानंतर उष्माघाताने चौदा माणसे दगावली. त्या दिवशी त्या परिसरातला पारा ३८ अंशांच्या आसपास होता. आपल्या खानदेशात ३८ अंश म्हणजे एप्रिलमधला बरा दिवस! डोक्यावरचे ऊन, गर्दी, तासन् तास बसणे ही कारणे तेथे होतीच. पण खाडीकाठच्या दमट हवेत देहाचा माठ पाझरूनही गार होत नव्हता, हे विसरता कामा नये. आकडा एकच सांगितला गेला, तापमानाचा. दुसरा आकडा कोणी विचारला नाही.

या दुसऱ्या आकड्याला सीमा आहे. ओला पारा ३५ अंशांवर गेला की निरोगी माणूससुद्धा सावलीत, वाऱ्यात, भरपूर पाणी पिऊनही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, कारण त्वचेवरून उष्णता जायला वाटच उरत नाही. असा हिशेब शेरवूड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडला. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात धडधाकट तरुणांवर प्रयोग झाले आणि २०२२ साली त्यांचे निष्कर्ष आले. दमट हवेत हलके काम करताना देहाचा तोल ओल्या पाऱ्याच्या ३१ अंशांच्या आसपासच सुटू लागतो, आणि अतितप्त कोरड्या हवेत तर त्याहूनही खाली, असे त्यांत दिसले. म्हणजे मेची झळ निर्धोक आहे असे कोणी समजू नये. आणि जूनमधला २९ चा ओला पारा त्या रेषेपासून फार दूर नाही, हेही ओळखावे. म्हातारी माणसे, लहान मुले आणि आजारी यांची रेषा याहून अलीकडे असते.

शिवाय पृथ्वी तापते आहे. दर एक अंशामागे हवेत मावणारे बाष्प सुमारे शेकडा सातने वाढते. अरबी समुद्राचे पाणीही पूर्वीपेक्षा अधिक उष्ण झाले आहे. त्यामुळे दमट उन्हाचे दिवस हा यापुढे केवळ कोकणाचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही.

काय करावे

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते महागडे नाही. दोन थर्मामीटर, एक मलमलीची पट्टी आणि एक वाटी पाणी एवढ्यावर प्रत्येक शाळेत हवेची तहान मोजता येईल. सावलीत, वारा लागेल अशा जागी ते टांगावे. मुलांनी दिवसातून दोनदा पारे वाचून फळ्यावर लिहावेत. गावाने तो फळा पाहून जावा. ओला पारा तिशीकडे सरकू लागला की उघड्यावरचे जड काम सकाळ-संध्याकाळवर न्यावे, मजुरांना सावली आणि विसावा द्यावा, आणि सभा-समारंभ, लग्नाच्या वराती दुपारी काढू नयेत. कोरड्या झळांत तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि अंगावर ओले फडके ठेवावे. नुसता पंखा गरम हवाच अंगावर ढकलतो, पण ओल्या अंगावर तोच पंखा मोठे काम करतो.

एखादा उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल असे तापले, तर ‘ऊन लागले, पडून राहू दे’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्याला सावलीत आणावे, सर्वांग पाण्याने भिजवून जोराने वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला फोन करून लगेच दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. भिजवणे आणि वारा घालणे म्हणजे दुसरे काय? देहाच्या माठाला बाहेरून पाझर देणे आणि आटायला हवा पुरवणे. माठ, कूलर आणि माणूस तिघांनाही एकच नियम लागू आहे.

आता जाताना एक विनंती. उद्या सकाळी वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर तापमानाचा आकडा पाहाल तेव्हा तेथेच थांबू नका. शेजारी आर्द्रतेचा आकडा असतो, तोही पाहा आणि दोन्ही मिळून विचार करा. पारा ऊन किती आहे ते सांगतो. ते ऊन आपल्याला सोसवेल की नाही, हे हवेला तहान किती उरली आहे त्यावर ठरते.

आता घरी जाऊन माठातले गार पाणी प्या, आणि ते गार करणाऱ्या वैशाखाच्या कोरड्या हवेचेही एकदा आभार माना.